परीक्षकानं पुस्तक कुठे मिटावं?

नमस्कार,

फँटसी कादंबऱ्यांची मी जुनी वाचक. वाचलेल्या पुस्तकांवर अधूनमधून लिहिते. ते वाचून एका स्पर्धेच्या संयोजकांनी 'परीक्षक व्हाल का?' असं विचारलं आणि मी हरखून 'हो' म्हणून बसले. स्पर्धा स्वयंप्रकाशित फँटसी कादंबऱ्यांची. कादंबऱ्या इंग्रजी, कारभार सगळा ऑनलाइन, मानधन काही नाही. आमच्या गटात आम्ही तिघं. वाट्याला आलेल्या तीस पुस्तकांमधून सहा महिन्यांत एकच अंतिम फेरीला पाठवायचं. प्रत्येक पुस्तक पूर्ण वाचलंच पाहिजे असं नाही, असं संयोजक म्हणतात, आणि माझं तिथंच अडलंय. कुणीतरी वर्षं खर्चून लिहिलेलं पुस्तक चाळीस पानांत मिटण्याचा मला काय अधिकार? आतापर्यंत सहा पुस्तकं शेवटपर्यंत वाचली, त्यातली चार अक्षरशः रेटून. पाचव्यात काय होतं ते आता धड आठवतही नाही.

आणखीही प्रश्न आहेत. तिसांमधली एक लेखिका माझ्या ओळखीची आहे. एका पुस्तकात शुद्धलेखनाच्या चुकांचा खच पडलाय, पण गोष्ट हातातून सुटत नाही. बाद केलेल्या पुस्तकांवर जाहीर लिहावं का? आणि मी स्वतःही एक फँटसी कादंबरी लिहितेय, ती पुढच्या वर्षी याच स्पर्धेत द्यावी असं मनात आहे. चालेल का?

— तिसांच्या तावडीत


प्रिय 'तिसांच्या तावडीत',

आधी आकडेमोड करू, म्हणजे मनावरचा निम्मा भार तिथेच उतरेल. फँटसी कादंबरी सरासरी १,२०,००० शब्दांची धरा. या प्रकारात तिला कुणी जाडजूड म्हणणार नाही. तीस पुस्तकांचे झाले ३६,००,००० शब्द. मिनिटाला २५० शब्द या वेगानं २४० तास. रोज न चुकता एक तास दिलात तरी आठ महिने लागतील, आणि तुमच्या हातात आहेत सहा. म्हणजे सगळी पुस्तकं पूर्ण वाचायचा हट्ट धरलात तर शेवटच्या सात-आठ पुस्तकांना वेळच उरणार नाही; ती तुम्ही घाईघाईनं चाळाल आणि मनातल्या मनात आधीच बाद केलेली असतील. पहिल्या सहा पुस्तकांवर दाखवलेल्या औदार्याची किंमत ही शेवटची आठ मोजणार. त्यांचे लेखकही वर्षं खर्चूनच बसलेत की!

अधिकाराचं म्हणाल, तर तो लेखकांनीच दिलाय, स्पर्धेत पुस्तक पाठवताना. या स्पर्धांचा साचा त्यांना ठाऊक असतो. मार्क लॉरेन्स या फँटसी लेखकानं २०१५ साली 'एसपीएफबीओ' (सेल्फ-पब्लिश्ड फँटसी ब्लॉग-ऑफ) ही स्वयंप्रकाशित फँटसीची स्पर्धा सुरू केली, तेव्हापासून हा साचा रूढ झाला: तीनशे पुस्तकं, परीक्षकांचे दहा गट, प्रत्येक गटाकडे तीस. गटानं त्यातून एक निवडायचं, मग दहाही गटांनी ती दहा पुस्तकं वाचून दहापैकी गुण द्यायचे. बक्षिसाची रक्कम नाही. मिळतं ते लोकांचं लक्ष. ह्यू हाउई या लेखकाच्या पुढाकारानं २०२१ मध्ये स्वयंप्रकाशित विज्ञानकादंबऱ्यांसाठी अशीच स्पर्धा सुरू झाली. तुमची स्पर्धाही याच घराण्यातली दिसते. या साच्यात पहिल्या फेरीतला परीक्षक एकोणतीस वेळा 'नाही' म्हणतो आणि एकदाच 'हो'. तेव्हा पुस्तक मिटणं हेच तुमचं मुख्य काम आहे. ते संकोचत, रडतखडत करण्यापेक्षा नीट पद्धतशीर करावं, एवढंच मला सांगायचंय.

पद्धत ठरवायची ती पुस्तक उघडण्याआधी. तुमची सहा वाचून झालीत, हरकत नाही. उरलेल्या चोविसांसाठी आजच तिघं बसून ठरवा. माझी सूचना अशी. पहिल्या टप्प्यात प्रत्येक पुस्तकाचे किमान १५,००० शब्द तिघांनीही वाचायचे, आणि त्यापुढे जे प्रकरण चालू असेल ते संपवायचं. तीस पुस्तकांचे हे साडेचार लाख शब्द, म्हणजे ३० तास. दहा-दहा पुस्तकं वाटून घेण्याचा मोह होईल, तो टाळा. वाटून घेतलीत की प्रत्येक पुस्तकाचं भवितव्य एकाच माणसाच्या आवडीवर ठरतं, आणि मग तीन परीक्षक नेमून उपयोग काय?

इथे पानांचा हिशेब धरू नका. ई-बुकमध्ये अक्षर मोठं केलं की पानं वाढतात. टक्केवारीही फसवी असते: 'पहिले वीस टक्के' असा नियम केलात तर दोन लाख शब्दांच्या महाकादंबरीला ४०,००० शब्द मिळतात आणि ७५,००० शब्दांच्या आटोपशीर पुस्तकाला १५,०००. म्हणजे पाल्हाळ लावणाऱ्याला जास्त संधी! शब्दसंख्या एकच ठेवा आणि प्रत्येक पुस्तकाची टक्केवारी त्यावरून काढा. ७५,००० शब्दांच्या पुस्तकात तुमचा थांबा २० टक्क्यांवर येईल, १,२०,००० शब्दांच्या पुस्तकात साडेबारावर, दोन लाखांच्या पुस्तकात साडेसातवर. एका कागदावर तीस ओळींचा तक्ता करून ठेवा.

मग मतदान. तिघांनीही 'थांबू' म्हटलं तर पुस्तक बाद. दोघं 'थांबू' म्हणतायत आणि तिसरा म्हणतोय, 'मी तर रात्री दोनपर्यंत वाचत बसलो,' तर ते पुस्तक पुढे जातं. या टप्प्यावर बहुमतापेक्षा एकाचं झपाटून जाणं मोलाचं. अशी सात-आठ पुस्तकं उरतील, ती तिघांनी शेवटपर्यंत वाचायची. आधी वाचलेला भाग वजा केला तर हे आणखी पन्नासेक तास. एकूण ऐंशी तासांत काम होतं, आणि कुणाच्याही वाट्याला दुसऱ्यापेक्षा कमी येत नाही.

आता मुख्य प्रश्न. १५,००० शब्दांत कळतं काय? शितावरून भाताची परीक्षा कादंबरीला अर्धीच लागू पडते. गद्य कसं आहे ते दहा पानांत कळतं, आणि ते पुढे क्वचितच बदलतं. संवाद लाकडी असतील तर तिसऱ्या भागातही लाकडीच राहतात. रचना मात्र दहा पानांत कळत नाही. कथानक संथ आहे, हे पात्र उगाचच आलंय, या जादूला नियम नाहीत, अशी विधानं आठव्या टक्क्यावर करणं म्हणजे निव्वळ अंदाज. म्हणून मी एक फरक पाळते: भाषेसाठी, संवादांसाठी, दृश्य उभं करण्याच्या कसबासाठी पुस्तक लवकर मिटायला हरकत नाही. कथानकाबद्दल तक्रार असेल तर आणखी थोडं वाचल्याशिवाय मिटू नये.

पहिल्या ओळीलाही फार भुलू नका. समजा, एक कादंबरी अशी सुरू होते (ओळ माझीच, कुणाच्या पुस्तकातली नाही): 'तिसऱ्या संधियुगाच्या चारशे बाराव्या वर्षी, व्हाल्दोर घराण्याचा अठरावा सम्राट एर्थेन याने आपल्या पणजोबांनी मोडलेला समुद्रकरार पुन्हा लिहून घेतला.' आणि दुसरी अशी: 'मेलेल्या राजाची बोटं अजून हलत होती, म्हणून इरानं दुसरी गाठ मारली.' दुसरीवर उडी पडणार, साहजिकच आहे. पण अशा चटकदार पहिल्या ओळी हल्ली लेखनवर्गांत घोटून घेतल्या जातात. मला बघायचं असतं ते विसाव्या पानावर. इराला गाठ मारायला कुणी पाठवलं? तिला स्वतःला काय हवंय? त्या खोलीतून बाहेर पडल्यावर तिचं काही बदललं का, की लेखकानं तो राजा फक्त मला पकडून ठेवण्यासाठी मारला होता? उलट त्या सम्राटाच्या पुस्तकात, दोन पानं इतिहासाची सरली की करार लिहिणारा कारकून समोर येतो, आणि तो मुद्दाम एक शब्द चुकीचा लिहितो. झालं, मी अडकले! आधीची दोन पानं लेखकाला कापायला सांगणारं कुणी भेटलं नाही, इतकंच.

स्वयंप्रकाशित पुस्तकात हे वारंवार दिसेल. पारंपरिक प्रकाशनात ज्या गोष्टी संपादक हस्तलिखितातच छाटतो, त्या इथे छापून आलेल्या असतात: न लागणारी प्रस्तावना-प्रकरणं, पहिल्याच पानावर नऊ विशेषनामं, प्रत्येक प्रवासाचं साद्यंत वर्णन. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, सगळा खर्च लेखकाच्या खिशातून होतो; कुणाला परवडतो, कुणाला नाही. ही सहानुभूती मनात असू द्या, पण गुण देताना 'चांगला संपादक मिळाला असता तर' हा विचार बाजूला ठेवा. तुम्ही पुस्तकाचं परीक्षण करताय, त्यात दडलेल्या शक्यतेचं नाही. तसं करू लागलात तर ज्यानं पदरमोड करून पुस्तक घासूनपुसून पाठवलं त्याच्यावर अन्याय.

यातूनच तुमच्या शुद्धलेखनाच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. चुका सगळ्या एका तोलाच्या नसतात. अक्षर गळलं, अवतरणचिन्ह राहिलं, एका प्रकरणात पात्राच्या नावाचं स्पेलिंग वेगळं पडलं, या ठेचा आहेत. वाचक पुढे जातो. पण वाक्य दोनदा वाचावं लागलं, कोण बोलतंय ते कळेना, काळ मध्येच भूतातून वर्तमानात गेला आणि प्रसंग आत्ता घडतोय की आठवला जातोय याचा पत्ता लागेना, तर ती गोष्टीलाच लागलेली खीळ. दहा पानं घ्या आणि पेन्सिलीनं मोजा: किती वेळा नुसती ठेच लागली, किती वेळा मागे जावं लागलं. तुम्ही म्हणताय गोष्ट सुटत नाही, म्हणजे मागे जावं लागत नसणार. मग ते पुस्तक पुढच्या टप्प्यात न्या. चुकांसाठी शेवटी अर्धा-एक गुण कापा आणि तसं कारण लिहून ठेवा.

हे मात्र विसरू नका: ई-बुकची फाइल लेखक कधीही बदलू शकतो. स्पर्धा चालू असताना एखादा लेखक लिहील, 'चुका दुरुस्त केल्यात, नवी प्रत पाठवतो.' नम्रपणे नको म्हणा. स्पर्धेत आलेली प्रतच वाचायची, नाहीतर दुरुस्तीची संधी फक्त धीट लेखकांना मिळते.

पाचवं पुस्तक आठवत नाही म्हणता, त्यावर इलाज टिपणांचा. वाचताना जिथे थांबाल तिथे जागा आणि कारण लिहायचं. 'कंटाळवाणं' हे टिपण निरुपयोगी. महिन्याभरानं तुम्हाला त्यातून काहीच उलगडणार नाही. याउलट हे पाहा: 'प्रकरण ३, ११ टक्के. मंत्र वापरला की नायिका एक ओळखीचा चेहरा विसरते, हा नियम सुंदर. आईचा चेहरा ती याच प्रकरणात गमावते. प्रकरण ५ मध्ये आईच्या भुवईवरच्या व्रणाचं वर्णन तिच्याच नजरेतून. लेखक विसरला की पुढे खुलासा आहे?' असं टिपण हाताशी असलं की चर्चेत तुम्ही ठामपणे बोलू शकता. गंमत म्हणजे, दुसरा परीक्षक पुढे वाचून आलेला असेल तर तो सांगतो, 'खुलासा आहे, आणि जबरदस्त आहे.' मग पुस्तक परत उघडायचं.

क्रमाचाही विचार करा. ब्रसेल्समधल्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत वादकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. म्हणजे क्रमाचा आणि गुणवत्तेचा काही संबंध नाही. तरीही निकाल तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना आढळलं की अंतिम फेरीत सुरुवातीला वाजवणारे सरासरीनं खालच्या क्रमांकावर राहतात आणि नंतर येणारे वर जातात. तिथे तर कसलेले संगीतज्ञ परीक्षक असतात! तेव्हा तुम्हा तिघांचे वाचनक्रम वेगवेगळे ठेवा, चिठ्ठ्या टाकून. एकाचं पहिलं पुस्तक दुसऱ्याचं एकविसावं असलं की क्रमाची झळ सगळ्यांना थोडी थोडी वाटली जाते.

क्रमाचं दुसरं दुखणं फँटसीत जास्त जाणवतं. तिसांत आठ पुस्तकांमध्ये एखादं अनाथ पोर असणार, गाव जळणार, आणि त्या पोराच्या अंगात कसलीशी शक्ती निघणार. पहिल्यांदा तुम्ही समजून घेता, तिसऱ्यांदा हसता, सातव्यांदा पुस्तक आपटता. पण सातव्या लेखकानं काय घोडं मारलंय? त्याचा खरा वाचक आधीची सहा वाचून आलेला नसेल. कंटाळा पुस्तकातून आलाय की ढिगातून, हे स्वतःला विचारायचं आणि टिपणात दोन्ही वेगळे नोंदवायचे. ढिगाचा कंटाळा असेल तर ते पुस्तक तीन दिवस बाजूला ठेवा, मध्ये फँटसीशी संबंध नसलेलं काहीतरी वाचा आणि मग पुन्हा उघडा. मी तर अशा वेळी रेल्वेचं वेळापत्रकही आवडीनं वाचते.

उपप्रकारांबद्दल थोडंसं. तीस पुस्तकांत युद्धांची महागाथा असेल, काळीकुट्ट ग्रिमडार्क असेल, कुणी मरत नाही अशी उबदार कोझी फँटसी असेल, प्रेमकथा पुढे आणि जादू मागे अशी रोमँटसी असेल, आणि लिटआरपीजी तर नक्कीच, म्हणजे व्हिडिओ गेमसारखी पात्राची पातळी आणि गुणांचे तक्ते मजकुरात देणारी कादंबरी. मला स्वतःला ते तक्ते सोसत नाहीत. पण तक्ते आहेत म्हणून गुण कापणं म्हणजे रहस्यकथेत खून झाला म्हणून नाक मुरडणं. पुस्तकानं कोणतं वचन दिलंय आणि ते कितपत पाळलंय, एवढंच बघायचं. तिघांपैकी एकालाही एखादा उपप्रकार झेपत नसेल तर संयोजकांना सांगा. काही पुस्तकं दुसऱ्या गटाशी बदलून घेता येतात का ते विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

गुणांचं गणितही आधीच ठरवा. तिघांनी एका पुस्तकाला ९, ९ आणि ४ दिले तर सरासरी ७.३३. दुसऱ्याला तिघांनीही साडेसात दिले तर सरासरी ७.५. म्हणजे दोघांना वेड लावणारं पुस्तक हरतं आणि सगळ्यांना 'बरं' वाटलेलं जिंकतं. तुमच्या गटाला हे पटतं का? पटत असेल तर ठीक, पण निकालाच्या दिवशी हा वाद घालू नका. आणखी एक खोच आहे. एखादा परीक्षक हात आखडता ठेवून ५ ते ७ मध्येच गुण देतो, दुसरा २ ते ९ पर्यंत मोकळा फिरतो. सरासरी काढली की निकाल प्रत्यक्षात दुसराच ठरवतो, पहिल्याच्या मताला वजनच उरत नाही. म्हणून गुणांसोबत प्रत्येकानं आपला पहिला-दुसरा-तिसरा असा क्रमही लिहावा. दोन्ही जुळले तर चर्चा दहा मिनिटांत संपते. जुळले नाहीत तर ज्या दोन पुस्तकांवर घोडं अडलंय त्यांचं शेवटचं प्रकरण तिघांनी पुन्हा वाचावं. शेवट गडगडलेली पुस्तकं महिनाभरानंतरच्या आठवणीत उगाच चांगली वाटतात.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी हे येणारच आहे: 'हे यंत्रानं लिहिलेलं वाटतंय.' असं वाटलं तर संयोजकांना कळवा आणि गप्प बसा. मजकूर तपासणाऱ्या साधनांचे निष्कर्ष चुकतात. त्यांच्या जोरावर माणसाला जाहीरपणे चोर ठरवू नये. एसपीएफबीओच्या जोडीनं मुखपृष्ठांचीही स्पर्धा व्हायची. २०२३ मध्ये त्यात पहिलं आलेलं मुखपृष्ठ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं केल्याचं निघालं, आणि पुढे ती मुखपृष्ठ स्पर्धाच बंद करण्यात आली. मुखपृष्ठावरून आठवलं, पहिल्या फेरीत मी मुखपृष्ठ बघतच नाही. फाइल उघडली की थेट पहिल्या प्रकरणावर जाते.

ओळखीच्या लेखिकेचं पुस्तक. हे सगळ्यात सोपं आहे आणि लोक सगळ्यात जास्त इथेच गोंधळ घालतात. 'मी निःपक्षपातीपणे वाचेन' असं स्वतःला समजावू नका. वाचालही, पण मैत्री दिसू नये म्हणून उलट जास्त कडक व्हाल, आणि नुकसान तिचंच. आज संयोजकांना दोन ओळी लिहा: ही लेखिका माझ्या परिचयाची आहे, पुस्तक दुसऱ्या गटाकडे द्यावं. बदल शक्य नसेल तर त्या पुस्तकावर तुमचं मत नाही, गुण नाहीत, आणि त्याची चर्चा होईल तेव्हा तुम्ही तिथे थांबायचं नाही. तिला काहीच सांगू नका, 'मी बाजूला झालेय' हेही नाही, निकाल लागेपर्यंत. पुस्तक कुठवर पोचलं हे तुमच्या तोंडून तिला कळता कामा नये, आणि असं एक वाक्य पुरेसं असतं. इतर लेखक गोड मेसेज पाठवतील, एखादा छापील प्रत भेट देऊ करेल. सगळ्यांना एकच उत्तर: स्पर्धा संपेपर्यंत बोलता येणार नाही.

बाद पुस्तकांबद्दल लिहावं, पण थोडक्यात. स्वयंप्रकाशित लेखकाला अनोळखी माणसाकडून पुस्तकाबद्दल विचारपूर्वक लिहिलेला एक परिच्छेद फार क्वचित मिळतो. स्पर्धेत येण्यामागे तेही एक कारण असतं. मात्र तो परिच्छेद लिहायचा वाचकासाठी. हे पुस्तक कुणाला आवडेल, आम्ही किती वाचलं, आणि आम्ही कशासाठी थांबलो, या तिन्ही गोष्टी आल्या की पुरे. किती वाचलं ते लपवू नका. पंधरा टक्क्यांवर मिटलेल्या पुस्तकाला तारे किंवा गुण देऊ नका. ते फक्त पूर्ण वाचलेल्या पुस्तकांना. आणि विनोद करू नका. तुम्हाला सुचेल तो छान असेल, लोक तो पुढे पाठवतील, आणि त्या लेखकाच्या नावाशी कायमचा चिकटेल तो तुमचा विनोदच. लेखकाला सल्ला द्यायचाच असेल तर तो त्यानं मागितल्यावर, खासगीत. काहींना नकोच असतं काही ऐकायला. स्पर्धकांना आधीच विचारून घ्या असं संयोजकांना सुचवून बघा: 'पुस्तक बाद झालं तर त्याबद्दल जाहीर लिहिलेलं चालेल का?' ज्यांनी नको म्हटलं त्यांच्याबद्दल 'निवड झाली नाही' इतकंच.

वाचलेल्या सहांचं काय करायचं? त्यातली जी चार रेटून वाचलीत, ती १५,००० शब्दांवर असताना मनात काय होतं ते आठवून बघा. तिथे मिटली असतीत तर निर्णय वेगळा झाला असता का? एखाद्याच्या बाबतीत उत्तर 'हो' आलं, तर ते पुस्तक का सावरलं हे नीट लिहून काढा. उरलेल्या चोविसांमध्ये कशासाठी थोडं थांबायचं ते त्यातून कळेल. पाचवं पुस्तक विसरलात म्हणून ते बाद ठरत नाही. आधी दुसरे दोघं ते वाचून काय म्हणतात बघा. त्यांना आवडलं तर तुम्हीही पुन्हा उघडा.

राहिली तुमची कादंबरी. जरूर पाठवा, पण या स्पर्धेत पाठवायची असेल तर पुढच्या वर्षी परीक्षक राहू नका, आणि हे संयोजकांना आत्ताच कळवा, निकालानंतर नको. यंदाच्या तिसांमध्ये तुमच्या कल्पनेशी जुळणारं काही सापडलं, तर तुमच्या आतापर्यंतच्या मसुद्याची तारखेसह एक प्रत त्याच दिवशी स्वतःच्याच पत्त्यावर मेल करून ठेवा. अशा जुळण्या होतातच. उद्या कुणी बोट दाखवलं तर हाताशी काहीतरी असलेलं बरं. आणि कादंबरी पाठवण्याआधी मुद्रितशोधन दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या.